पिक्सेल पोस्टचा डिसेंबर अंक

मीनाक्षीकाकू टिपणीसांचा फोन आला तेव्हा शुभामावशी सोफ्यावर पाय वर घेऊन भाजलेल्या शेंगा सोलत होत्या आणि केदार त्यांचा प्रिंटर दुरुस्त करत होता. दर रविवारी त्या प्रिंटरला काहीतरी होत असे आणि दर रविवारी केदारला जेवायचं बोलावणं येत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, हे केदारला अजून सुचलेलं नव्हतं.

शुभा देवस्थळी शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये खाजगी तपासाचं काम करायच्या. आधी विमा कंपनीत लोकांचे खोटे क्लेम पकडण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी रीतसर लायसन्स काढलं. केदार त्यांचा भाचा. पुण्याहून आलेला, आयटीतला, वर्क व्हिसावर. बर्फात मावशी गाडी चालवत नसत, त्यामुळे हिवाळ्यात तो त्यांचा ड्रायव्हर असे आणि स्वतःच्या मते सहायकही.

"शुभा, माझा अंक चोरीला गेला," काकू फोनवर म्हणाल्या.

"कसला अंक?"

"पिक्सेल पोस्टचा. माझं नाव छापलेला एकुलता एक अंक गं. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर माझा गेम गिरीशच्या नावावर जाईल. कायमचा."

मावशींनी शेंगांची टरफलं केदारच्या हातात दिली आणि त्या मोजे शोधायला गेल्या.

टिपणीसांचं घर जवळच होतं. दारातल्या चटईवर पाहुण्यांच्या बुटांची रांग लागली होती. काकूंनी दोघांना थेट किचनमध्ये नेलं, दार लोटलं आणि चहा टाकता टाकता सगळं सांगितलं.

गोष्ट होती १९८४ सालची, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनची. अरुणकाका तिथल्या हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर होते, दिवसरात्र ड्यूटीवर. काकू नागपूरच्या गणिताच्या एम.एस्सी., पण तिथे घरात बसून. काकांनी टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणला, रबरी बटणांचा. काकू त्यावर स्वतःच शिकल्या आणि त्यांनी एक गेम लिहिला. नाव ठेवलं 'नाइट ड्यूटी'. त्यातला डॉक्टर हॉस्पिटलभर धावतो, पेशंट बघतो, आणि त्याचा चहा गार व्हायच्या आत त्याला परत यायचं असतं.

"आणि तो मासिकात छापून आला?" केदारने विचारलं. "म्हणजे गेमची बातमी?"

"बातमी नाही रे, अख्खा गेम. तेव्हा इंटरनेट कुठे होतं? ही मासिकं प्रोग्रामच्या ओळीच्या ओळी छापायची. लोक घरी बसून बघून बघून टाइप करायचे आणि मग खेळायचे. वर लिहिणाऱ्याचं नाव." काकूंनी गॅस बारीक केला. "ख्रिसमसला आला होता. चौऱ्याऐंशीचा डिसेंबर. मी मुलांच्या वॉर्डात कागदाच्या रंगीत साखळ्या लावत होते, अरुण अंक घेऊन धावत आला. पुढे आम्ही इथे आलो आणि ते अंक कुठल्या खोक्यात गेले कोणास ठाऊक. मला वाटलं तिकडेच राहिले."

"आणि गिरीश?"

काकूंचा चेहरा कडवट झाला. गिरीश राजवाडे तेव्हा त्याच गावात इंजिनिअर होते, रोज जेवायला यायचे. काकूंनी त्यांना गेम साठवलेली टेपची कॅसेट दिली होती, खेळायला म्हणून. पुढे तेही शिकागोला आले, आणि इथल्या प्रत्येक पार्टीत 'माझा गेम ब्रिटिश मासिकात छापून आला होता' हे सांगू लागले. काकू आधी हसल्या, मग चिडल्या. पण हातात पुरावा नव्हता आणि भांडण काढायची घरात कोणाला हौस नव्हती. आता मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका छोट्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये घरगुती गेम्सचं प्रदर्शन भरणार होतं, आणि गिरीशकाकांनी ती कॅसेट स्वतःची म्हणून तिथे देऊन टाकली होती.

"तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं," काकू म्हणाल्या. "म्युझियमच्या सौमित्रला मी फोन केला. तो म्हणाला, काकू, छापील पुरावा दाखवा, मी तुमचं नाव लावतो. प्रदर्शनात भिंतीवर लावायचा मजकूर आज संध्याकाळी छापायला जातोय. आणि काल काय नशीब बघ, बेसमेंटमध्ये हीटिंगच्या भट्टीच्या मागे अरुणला खोकं सापडलं. दोन वर्षांचे दोन बाइंडर, चिकटपट्टीसकट. मी आज सौमित्र, गिरीश, सगळ्यांना जेवायला बोलावलं. म्हटलं, सगळ्यांसमोर उघडू."

"मग उघडला का नाही?"

"माझे हात थालीपिठाच्या पिठात. आणि सौमित्र म्हणाला, जुना कागद आहे, आधी फोटो काढू, तोवर कोणी पानं उलटू नका. बाइंडर पियानोवर ठेवले. डिसेंबरचं कव्हर मी या डोळ्यांनी पाहिलं. जेवण झालं आणि बघते तर त्याची जागा रिकामी."

केदारला आता आपलं काम सुरू झालं असं वाटलं. पाहुण्यांचे कोट नेहमीप्रमाणे गेस्टरूमच्या पलंगावर टाकलेले होते. आपला कोट तिथे ठेवण्याच्या निमित्ताने त्याने एकेक कोट उचलला, झटकला, खिसे चाचपले, उशा आणि पांघरूणही उलटंपालटं केलं. एक हातमोजा आणि खोकल्याच्या गोळ्या सोडता काही मिळालं नाही. तो जरा हिरमुसूनच बाहेर आला.

मावशी पियानोपाशी होत्या. बाइंडर म्हणजे जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आत बारीक तारा. प्रत्येक तार एकेका अंकाच्या मधल्या पानातून ओवलेली. चौऱ्याऐंशीच्या बाइंडरमधली शेवटची तार मोकळी लोंबत होती. पंच्याऐंशीचा बाइंडर शेजारी जसाच्या तसा.

"फाडला नाहीये," मावशी म्हणाल्या. "तार खालून सोडवून नीट काढलाय. घाई होती, पण डोकं शाबूत होतं."

अरुणकाकांच्या स्टडीत एकेकाला बोलवायचं ठरलं. पहिले अरुणकाकाच आले, काठी टेकत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"जेवताना कोण उठलं?" मावशींनी विचारलं.

"अगं, बुफे होता. सगळेच उठत होते, वाढून घेत होते. न उठणारा मी एकटा. मी उठलो की काठी आणि माझे उसासे घरभर ऐकू जातात."

"गेम कोणी लिहिला, काका?"

"मीनाक्षीने. मी तेव्हा नाइट करून यायचो आणि ही टीव्ही अडवून बसलेली. जेवण गार, बायको गरम." काका हसले आणि मग गंभीर झाले. "तिला तिचं नाव मिळालं पाहिजे, शुभा. या वयात दुसऱ्या कशासाठी रडलेली मी तिला पाहिलेली नाही."

दुसरी आली हिमानी. काकूंच्या मैत्रिणीची, रेणूची, मुलगी. प्लेनोला राहायची, जुन्या मासिकांची खरेदी-विक्री करायची आणि शिकागोत एका प्रदर्शनासाठी आली होती. रात्रीची परतीची फ्लाइट होती.

"काकू सांगत होत्या, आल्या आल्या तू पंच्याऐंशीचा बाइंडर मागितलास," मावशी म्हणाल्या. "गेम तर चौऱ्याऐंशीचा आहे."

हिमानी जरा घुटमळली. "मला तोच विकत घ्यायचाय, मावशी. इट्स जस्ट बिझनेस. काकूंना मी तसं ओपनली विचारलं."

"चौऱ्याऐंशीचा नको?"

"त्यात इंटरेस्ट नाही एवढा," हिमानी म्हणाली आणि घड्याळाकडे बघू लागली.

केदारने मनातल्या मनात तिच्या नावापुढे संशयाची फुली मारली. जुनी मासिकं विकणारी बाई, जुनं मासिक गायब, आणि वर म्हणे इंटरेस्ट नाही.

सौमित्र मिशिगनमध्येच वाढलेला, मऊ बोलणारा. मराठी समजायचं सगळं, बोलताना अडखळायचा. "मावशी, आय फील टेरिबल. मी सांगितलं नसतं 'डोन्ट ओपन इट', तर काकूंनी तेव्हाच पाहिलं असतं. मला जो खरा ऑथर आहे त्याचं नाव लावायचंय. पण पुरावा नसेल तर मला कॅसेट ज्यांनी दिली त्यांचं नाव लावावं लागेल. दॅट्स द रूल."

शेवटी गिरीशकाका. उंच, गोरेपान, अजूनही टाय लावणारे. खुर्चीत असे ऐसपैस बसले की चौकशी त्यांचीच चालू आहे हे केदार क्षणभर विसरला.

"माझ्याइतकं वाईट कोणालाच वाटलेलं नाही, शुभाताई," ते म्हणाले. "अहो, त्या डिसेंबरच्या अंकात माझं नाव छापलेलं आहे. ठळक अक्षरात. मी स्वतः वाचलंय. तो अंक असता तर मीनाक्षीचा गैरसमज आजच्या आज दूर झाला असता."

"तुम्ही तो अंक विकत घेतला होता?"

"ऑफ कोर्स. शिफ्टिंगमध्ये हरवला. पण पान अजून डोळ्यांसमोर आहे."

मावशींनी नुसती मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आपण जरा चहा घेऊ, मग घर शोधू. "घरात नसेल तर गाड्याही बघू, कोणाची हरकत नसेल तर." कोणाची हरकत नव्हती. निदान तोंडाने तरी कोणी काही म्हटलं नाही.

चहा होईस्तोवर गिरीशकाका बीपीची गोळी गाडीत राहिली म्हणून बाहेर गेले. सौमित्रही लॅपटॉपचा चार्जर आणायला त्याच्या गाडीकडे गेला. हिमानी सोफ्यावर बसून फोनवर फ्लाइटचं स्टेटस बघत राहिली. केदार खिडकीतून बर्फ बघत होता, आणि आपण तिच्यावर नजर ठेवून आहोत असं त्याला वाटत होतं.

गिरीशकाका परत आले ते गेस्टरूममध्ये कोट टाकून थेट किचनमध्ये. पाण्याबरोबर गोळी घेतली आणि मग बाहेर येऊन एकदम समजूतदार आवाजात बोलू लागले.

"मी काय म्हणतो, एवढा त्रास कशाला? अंक सापडला तरी काय होणार आहे? आपण सगळे म्हातारे झालो. त्या अंकात तो गेम नसेलही. संपादकांनी छापायचं म्हटलं असेल आणि छापलाच नसेल. आठवणींचं काही खरं नसतं. सौमित्रने कॅसेट बघून ठरवावं, संपलं."

"मला नीट आठवतंय," काकू म्हणाल्या.

"तसं प्रत्येकालाच वाटतं, मीनाक्षी."

मावशींचा हात बिस्किटाकडे जाता जाता थांबला. मग त्यांनी बिस्किट घेतलं आणि चहात बुडवलं. केदारला त्यात विशेष काही दिसलं नाही, कारण मावशींचा हात बिस्किटाकडे नेहमीच जात असे.

थोड्या वेळाने हिमानी निघायचं म्हणून कोट आणायला गेली आणि लगेच तिची हाक आली. सगळे धावले. कोटांच्या ढिगाखालून एक रंगीत कोपरा बाहेर आला होता.

केदारने पुढे होऊन तो उचलला. पिक्सेल पोस्ट, डिसेंबर १९८४. कव्हरवर ड्रॅगन आणि अंतराळयान. कागद फ्रीजमधून काढल्यासारखा गार होता. काकूंनी डोळे मिटून हात जोडले, आणि अरुणकाका काठी विसरून दोन पावलं चालले.

डायनिंग टेबल पुसून सौमित्रने पांढरे हातमोजे चढवले आणि एकेक पान उलटायला सुरुवात केली. परीक्षणं, जाहिराती, वाचकांची पत्रं, गेमचे नकाशे, प्रोग्रामच्या ओळी. कुठल्यातरी बेडकाचा गेम होता, बुद्धिबळाचा होता. शेवटचं पान आलं. तो परत पहिल्यापासून सुरू झाला आणि परत शेवटाला पोचला.

'नाइट ड्यूटी' त्यात नव्हता.

काकू अंकाकडे बघत राहिल्या. एरवी मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचा हिशेब तोंडपाठ असणारी बाई, पण आता त्यांना स्वतःवरच भरवसा ठेवता येईना. अंक चोरीला गेला होता तेच बरं होतं, असं केदारला वाटलं.

"मनाला लावून घेऊ नकोस," गिरीशकाका हळुवारपणे म्हणाले. "वयच आहे आपलं."

काहीतरी बोलायचं म्हणून केदारने उघड्या पानावर बोट ठेवलं. "हे काय आहे? डिसेंबरच्या अंकात फटाके? 'या आठवड्यात शेकोटीला येताना जॉयस्टिक आणू नका', असा जोक आहे."

"बॉनफायर नाइट," काकू यांत्रिकपणे म्हणाल्या. "नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. आपल्या दिवाळीच्या आगेमागे. आम्ही उरलेल्या फुलबाज्या तेव्हा उडवायचो."

"मग डिसेंबरमध्ये का छापलंय? शिळा जोक झाला की."

"केदार," मावशी म्हणाल्या, "जरा इकडे ये."

स्टडीचं दार लावल्यावर केदारने आपला निकाल सांगून टाकला. हिमानी. तिनेच चोरला, तिनेच सापडल्याचं नाटक केलं, कारण अंक निरुपयोगी निघाला.

"हुशार आहेस," मावशी म्हणाल्या, आणि त्या असं म्हणाल्या की केदार सावध होत असे. "कोट तू तपासले होतेस ना? तेव्हा अंक नव्हता?"

"नव्हता. शपथेवर सांगतो."

"आणि उचललास तेव्हा हाताला कसा लागला?"

"गार. एकदम गार." केदारने आपल्या बोटांकडे बघितलं. "पण घरात तर हीटिंग चालू आहे."

"चल. सगळ्यांना बसव. आणि तो पंच्याऐंशीचा बाइंडर टेबलावर आण, पण उघडू नकोस."

सगळे बसले. खिडकीबाहेर उजेड उतरू लागला होता आणि सौमित्रच्या लॅपटॉपवर छापायला पाठवायचा मजकूर उघडा होता, नावाची जागा तेवढी कोरी.

"माझ्या नोकरीत एक गोष्ट मी शिकले," मावशींनी सुरुवात केली. "गेलेली वस्तू परत आली की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि ती का परत आली हे विचारायचं विसरतात. हा अंक जेवणाच्या वेळी गेला. मी आल्यावर केदारने कोटांचा ढीग चाळला, तिथे तो नव्हता. नंतर तिथेच सापडला. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी आणून ठेवला. आणि तो गार होता. म्हणजे तोवर घराबाहेर, गाडीत होता. मधल्या वेळात बाहेर कोण गेलं? हिमानी सोफ्यावरून हलली नाही. अरुणकाका हलले असते तर आपल्याला ऐकू आलं असतं. गेले दोघंच. सौमित्र आणि गिरीशभाऊ."

"आय वेंट फॉर माय चार्जर," सौमित्र पांढराफटक पडला.

"माहीत आहे, बाळा. तू बस." मावशी वळल्या. "गिरीशभाऊ, स्टडीत तुम्ही मला काय सांगितलंत? डिसेंबरच्या अंकात तुमचं नाव ठळक अक्षरात छापलंय. पान डोळ्यांसमोर आहे. मग तुम्ही गाडीकडे जाऊन आलात आणि म्हणालात, त्या अंकात तो गेम नसेलही. अंक तेव्हा सापडलेला नव्हता. कोणी उघडलेला नव्हता. मध्ये घडलं काय? तुम्ही एक गोळी घेतलीत. बीपीच्या गोळीने स्मरणशक्ती सुधारते का, हे मला माहीत नाही. इथे डॉक्टर बसलेत, त्यांना विचारू."

"नाही सुधारत," अरुणकाका म्हणाले.

"मी आपली एक शक्यता बोलून दाखवली," गिरीशकाका म्हणाले, पण त्यांचा हात टायच्या गाठीकडे गेला होता.

"जेवताना तुम्ही अंक काढलात आणि गाडीत टाकलात. उघडून बघायला सवड नव्हती. मी गाड्या बघायचं म्हटल्यावर तुम्ही घाईने गेलात, काकूंच्या नावाचं पान फाडून टाकायला. तर पानच नाही. तेव्हा तुमच्या लक्षात आलं की हा अंक लपवण्यापेक्षा सापडणंच तुमच्या फायद्याचं आहे. सगळ्यांसमोर उघडला, गेम निघाला नाही, की काकू खोट्या. म्हणून कोटाआड तो घरात आणलात आणि ढिगात सरकवलात."

गिरीशकाका लाल झाले होते, पण अजून हरले नव्हते.

"समजा आणला," ते सावकाश म्हणाले. "समजा. तरी मुद्दा तोच राहतो ना? गेम त्यात नाही. मीनाक्षी म्हणते डिसेंबरमध्ये छापला. कुठाय?"

"हं, आता आलात मुद्द्यावर." मावशी पुढे झुकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून केदारला प्रिंटर, शेंगा, बर्फ सगळं विसरायला झालं. "तुम्ही चुकीचा अंक चोरलात."

काकूंनी मान वर केली.

"केदारने बरोबर प्रश्न विचारला होता, फक्त उत्तरासाठी थांबला नाही. डिसेंबरच्या अंकात नोव्हेंबरच्या सुरुवातीचा विनोद, आणि तोही 'या आठवड्यात' म्हणून. कारण तो अंक दुकानात आलाच नोव्हेंबरच्या सुरुवातीला. ही मासिकं कव्हरवर पुढच्या महिन्याचं नाव छापायची, म्हणजे महिनाभर ठेवली तरी शिळी दिसायची नाहीत. आपल्याकडे डिसेंबरचा अंक म्हटलं की डिसेंबरात आलेला, असं आपण सगळे धरून चाललो. काकूही. काकूंना आठवतं ते काय? वॉर्डातल्या कागदी साखळ्या. ख्रिसमस. ते शंभर टक्के खरं आहे. गेम डिसेंबरातच आला. पण डिसेंबरात येणाऱ्या अंकावर काय छापलेलं असणार?"

"जानेवारी," केदारच्या तोंडून निघालं. "जानेवारी पंच्याऐंशी."

"आणि तो या दुसऱ्या बाइंडरमध्ये पहिलाच आहे. त्याला कोणी हात लावला नाही, कारण साल वेगळं. एका व्यक्तीला मात्र आल्या आल्या तोच हवा होता. ती हाच धंदा करते, तारखांची ही गंमत तिला पाठ आहे. तिला चोरायचंच असतं तर तिने डिसेंबरला हातही लावला नसता. हो ना, हिमानी?"

हिमानीने मान खाली घातली. "मला वाटलं, कोणी बघायच्या आत घेऊन टाकावा. विथ द गेम इन इट, कलेक्टर्स वेडे होतील. सॉरी, काकू. मी बोलायला हवं होतं."

"बोलायला हवं होतंस," मावशी म्हणाल्या. "आणि गिरीशभाऊ, तुम्ही म्हणालात अंक विकत घेतला, पान वाचलं. वाचलं असतंत तर कव्हरही पाहिलं असतंत. तुम्ही तो अंक जन्मात कधी हातात धरलेला नाही. कॅसेट सोडून तुमच्याकडे या गेममधलं काहीच नव्हतं. काकू, या. हात धुतलेत ना? उघडा."

काकू उठल्या. सौमित्रने हातमोजे पुढे केले, पण त्यांनी घेतले नाहीत आणि त्यानेही आग्रह केला नाही. पंच्याऐंशीचा बाइंडर उघडला. पहिल्या कव्हरवर बर्फात रुतलेला रोबो, त्याच्या डोक्यावर लाल गोंड्याची टोपी. काकूंची बोटं पानं उलटत गेली, आणि मध्यावर आल्यावर थांबली.

पानभर प्रोग्रामच्या ओळी. वर एका धावणाऱ्या डॉक्टरचं चित्र, कोपऱ्यात वाफाळता कप. त्याखाली ठळक अक्षरं.

अरुणकाका खुर्चीला धरून उभे राहिले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, मोठ्याने. त्या मासिकात आपण होतो, आपल्याला भास झालेला नव्हता, हे त्यांना आता कोणी सांगायची गरज नव्हती. सगळं आपणच शोधल्यासारखा केदारला आनंद झाला.

"काकू," सौमित्रने लॅपटॉप जवळ ओढला. "नाव कसं लावू? सांगा, मी टाइप करतो."

काकूंनी डोळे पुसले. त्यांनी अंक उचलला, टेबलाला वळसा घातला आणि तो गिरीशकाकांच्या समोर ठेवला.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "गिरीश, तू वाच. मोठ्याने."

गिरीशकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो घालायला त्यांना वेळ लागला, पण काकू तिथेच उभ्या राहिल्या.

"नाइट ड्यूटी," गिरीशकाका घोगऱ्या आवाजात वाचू लागले. "लेखिका, मीनाक्षी टिपणीस, वुल्व्हरहॅम्प्टन."

सौमित्रची बोटं चालू झाली.

"ऐकू नाही आलं," मीनाक्षीकाकू म्हणाल्या. "पुन्हा वाच."